लढाई संपली की मोजणीदार येतो

कोकणात मोजणीची नोटीस घरात आली की माणसं थोडी गप्प होतात. लग्नाला एक वेळ जमलं नाही तरी चालतं, पण मोजणीच्या दिवशी मुंबईचा चाकरमानी रजा टाकून गावी हजर राहतो. गडग्याजवळचा आंबा कुणाचा, व्हाळाकाठची पाणंद कुणाच्या हिश्श्यात, यावरून भावाभावांत दोन दोन पिढ्या बोलणं बंद झालेलं मी नोकरीत पाहिलं आहे. माझी सगळी हयात जमीन मोजण्यात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही काही भूमापक मिळून बेल्जियम आणि फ्रान्समधल्या जुन्या रणभूमी पाहायला निघालो, तेव्हा मालवणात पुष्कळांनी विचारलं, "तुमचो आणि लढाईचो काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. रणभूमी पाहायला इतिहासाचे अभ्यासक जातात, सैनिक जातात. साखळी आणि नकाशा घेऊन फिरणाऱ्या माणसाने तिथे काय पाहायचं? त्याचं उत्तर असं की लढाई एका ठरावीक दिवशी संपते. पण जिथे ती झाली तिथला बांध कुठे होता, वाट कुठून जात होती, विहीर कुणाच्या परड्यात होती, हे ठरवायला पुढे कित्येक वर्षं लागतात. सेनापती निघून गेल्यावर गावात मोजणीदार येतो, आणि परतून आलेल्या माणसाने कुठे राहायचं हे त्याच्या कागदावर ठरतं. ह्या कामाचे धडे जुन्या रणभूमीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे वाचता येत नाहीत.

आपल्याच देशातली गोष्ट आधी घेऊ. १७९९ साली श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत विल्यम लॅम्बटन नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. एका रात्री त्याची तुकडी अंधारात वाट चुकली. आपण उत्तरेला परत न जाता दक्षिणेला, म्हणजे थेट शत्रूच्या छावणीकडे चाललो आहोत, हे लॅम्बटनने आकाशातल्या ताऱ्यांवरून ओळखलं आणि वरिष्ठांना सांगितलं. पुढे हाच माणूस हिंदुस्थान मोजायला निघाला. १८०२ साली मद्रासजवळ त्याने पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत उत्तरेकडे सरकत गेला. वीस वर्षांहून अधिक काळ हे काम करत असताना २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. ज्या मोजणीतून पुढे हिमालयाच्या शिखरांच्या उंची निघाल्या, तिची सुरुवात एका युद्धानंतर जिंकलेला मुलूख ओळखून घेण्याच्या गरजेतून झाली.

महाराष्ट्रातही तेच झालं. १८१८ साली पेशवाई संपली आणि थोड्याच वर्षांत पुणे भागात जमिनीची पाहणी सुरू झाली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली पहिली आकारणी शेतकऱ्याला झेपली नाही. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम केलं. आपल्या सातबाराचं मूळ त्या पद्धतीपर्यंत जातं. त्या काळची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, एकेका भागाला आणा म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज उपग्रहावरून मोजणी करणारं यंत्र खांद्यावर घेऊन जाणारा तरुण मोजणीदारसुद्धा शेवटी क्षेत्र गुंठ्यांत समजावून देतो.

आमच्या मालवणचा इतिहास याहून वेगळा नाही. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला, त्याचं नाव बदलून फोर्ट ऑगस्टस ठेवलं, आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरकरांना परत केला. शेवटी १८१२ च्या तहाने मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेलं. शंभर-दीडशे वर्षांत किल्ल्याचा मालक इतक्यांदा बदलला, पण किनाऱ्यावरची रापण ओढणारी माणसं, माडाच्या बागा आणि बागांचे गडगे तिथेच राहिले.

परदेशी जायच्या आधी आम्ही एक दिवस विजयदुर्गला काढला. रणभूमी भूमापकाच्या नजरेने कशी वाचायची याचा सराव घरच्या जागी करावा, एवढाच हेतू. विजयदुर्ग वाघोटण खाडीच्या तोंडावर आहे. तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूला गाव. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार इथे आलं, सोबत रॉबर्ट क्लाइव्ह फौज घेऊन होता. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती आणि जमिनीच्या बाजूला पेशव्यांचं सैन्य उभं होतं. १२ तारखेला इंग्रजी जहाजं खाडीत शिरली. तोफांच्या मारात आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली, ती शेजारच्या जहाजांवर पसरली आणि सबंध आरमार जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

इतकी हकीकत पुस्तकात मिळते. बुरुजावर उभं राहिलं की पुढचे प्रश्न सुचतात. मोठ्या जहाजाला किती पाणी लागतं? तेवढं पाणी खाडीत कुठून कुठपर्यंत आहे? मग जहाज ज्या पट्ट्यात उभं राहू शकतं तो केवढा उरतो? किल्ल्याची कुठली बाजू त्या पट्ट्यातून दिसते? किल्ल्याजवळ समुद्रात पाण्याखाली दगडी बांधकाम आहे आणि राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्याची पाहणी केलेली आहे. ते ओहोटीच्या पाण्यात किती खोल जातं? हे प्रश्न विचारत गेलं की किल्ला त्याच ठिकाणी का बांधला आणि तो खाडीच्या बाजूने का पडला, हे हळूहळू उलगडतं. शब्दांत सांगितलेली लढाई जमिनीवर मांडून पाहायची, हा पहिला धडा.

बेल्जियममध्ये पहिला मुक्काम वॉटर्लूला. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनचा इथे शेवटचा पराभव झाला. ह्या मैदानावर आज सर्वांत ठळक दिसते ती एक शंकूच्या आकाराची टेकडी, चाळीस मीटरहून उंच, माथ्यावर सिंहाचा पुतळा. वर जायला २२६ पायऱ्या आहेत. ही टेकडी लढाईच्या वेळी नव्हती. नेदरलँड्सच्या राजपुत्राला जिथे जखम झाली त्या जागी स्मारक म्हणून १८२६ पर्यंत ती रचली गेली. त्यासाठी लागणारी माती त्याच मैदानातून खरवडून आणली. म्हणजे वेलिंग्टनने ज्या उंचवट्याच्या आडोशाला आपलं सैन्य लपवलं होतं, तोच उंचवटा बऱ्याच अंशी छिलून टाकला गेला. आपलं रणांगण बिघडवून ठेवलं, असं वेलिंग्टन नंतर म्हणाल्याचं सांगतात.

आम्ही भूमापक त्या टेकडीच्या पायथ्याशी बराच वेळ थांबलो. स्मारक उभारणाऱ्यांच्या मनात आदरच होता. पण स्मारक उभारताना ज्याची आठवण ठेवायची ती जमीनच हलली. आधी उंचसखलपणाची नोंद करून ठेवली असती तर निदान कागदावर जुनं मैदान राहिलं असतं. मला तिथे आमचा राजकोट आठवला. ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला तिथला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि २०२५ मध्ये त्या ठिकाणी नवा उंच पुतळा उभा राहिला. त्यावर खूप बोलून झालं आहे. मी भूमापक म्हणून एवढंच म्हणेन की ऐतिहासिक जागेवर काहीही उभं करण्याआधी ती जागा जशी आहे तशी इंचाइंचाने मोजून, नकाशा करून जपून ठेवावी. त्याला फार खर्च येत नाही. नंतर मात्र कितीही खर्च केला तरी ती नोंद मिळत नाही.

वॉटर्लूची लढाई एका दिवसात आटोपली. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदक खणले गेले आणि चार वर्षं माणसं त्यात समोरासमोर बसली. ह्या युद्धात भूमापक प्रथमच थेट लढाईच्या मध्यभागी आला. समोरची तोफ डोंगराआड, झाडीआड. दिसत नाही. मग मारा कशावर करायचा? नकाशावर. आपली तोफ कुठे आहे आणि त्यांची कुठे आहे, ह्या दोन्ही गोष्टी नकाशावर अचूक असतील तर मधला कोन आणि अंतर काढता येतं. सुरुवातीला असे मोठ्या मापाचे नकाशेच नव्हते. तेव्हा कामाला आले ते फ्रान्सच्या गावोगावचे शेतजमिनीचे जुने नकाशे. नेपोलियनने १८०७ च्या कायद्याने गावागावांतली शेतं मोजायला लावली होती. शेतसाऱ्यासाठी केलेले ते नकाशे शंभर वर्षांनी तोफखान्याच्या नकाशांना आधार झाले.

न दिसणारी तोफ शोधायची एक युक्ती ऐकण्यासारखी आहे. लॉरेन्स ब्रॅग हा तरुण शास्त्रज्ञ ह्या कामाच्या मुळाशी होता. १९१५ साली वडिलांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं तेव्हा तो युद्धभूमीवर होता. युक्ती अशी. समजा, समुद्रात कुठेतरी स्फोट झाला. मालवणच्या दांडीवर त्याचा आवाज आधी पोचला आणि तारकर्लीला काही सेकंदांनी पोचला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे उशीर किती झाला ते नेमकं कळलं तर स्फोट तारकर्लीपेक्षा दांडीला किती मीटर जवळ झाला ते निघतं. त्यावरून नकाशावर एक वक्ररेषा काढता येते. तिसऱ्या ठिकाणीही आवाज टिपला तर दुसरी रेषा मिळते, आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे स्फोटाची जागा. ब्रॅगच्या लोकांनी एका ओळीत ध्वनिग्राहक मांडून सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ टिपली. पण ह्या सगळ्याला एक अट होती. ध्वनिग्राहक कुठे ठेवले आहेत ते मीटर-दोन मीटरच्या आत ठाऊक हवं. ते काम भूमापकाचं. आमच्याकडचा मासेमार खोल समुद्रात गेल्यावर देवळाचं शिखर आणि डोंगराचं टोक एका रेषेत आणतो, दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी जोडी धरतो आणि पाण्याखालचा खडक बरोबर गाठतो. तत्त्व तेच आहे. दोन रेषांचा छेद.

२० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रेच्या लढाईत याची परीक्षा झाली. त्याआधी मोठ्या हल्ल्यापूर्वी तोफांचे नेम जुळवायला दिवसेंदिवस मारा करत, आणि त्यामुळे शत्रू सावध होई. कांब्रेला सुमारे हजार तोफांनी आधी नेम न जुळवता, निव्वळ मोजणीच्या आकड्यांवर भरवसा ठेवून एकदम मारा केला. शत्रूला आगाऊ सुगावा लागला नाही.

हे ऐकून कुणाला वाटेल की भूमापनाचा हा गौरवाचा अध्याय आहे. मला तसं वाटत नाही. अचूक मोजणीने माणसं अचूक मारली गेली, हेही तितकंच खरं. तो विचार न्यू शापेलला गेल्यावर टाळता येत नाही.

न्यू शापेल हे उत्तर फ्रान्समधलं लहानसं गाव. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ते परत घेण्यासाठी झालेल्या हल्ल्यात आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या तुकड्या होत्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते आखणारे, खंदक खणणारे सैनिक. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं बंदुका घेऊन गावात शिरावं लागलं आणि दोन्ही तुकड्यांची अतोनात हानी झाली. मार्च १९१५ मध्ये त्याच गावावर पुन्हा मोठा हल्ला झाला. त्यात हिंदी फौज मोठ्या संख्येने होती, आणि विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून केलेले जर्मन खंदकांचे नकाशे हल्ल्याआधी अधिकाऱ्यांच्या हातात होते.

आज तिथे १९२७ साली उभारलेलं हिंदी सैनिकांचं गोलाकार स्मारक आहे. त्यावर ४,७०० हून अधिक नावं कोरलेली आहेत. ज्यांची कबर किंवा चितेची जागा ठाऊक नाही अशांची ही नावं. एखाद्या माणसाला पुरलं, वर लाकडी खूण लावली आणि पुढच्या वर्षी त्याच शेतात पुन्हा तोफगोळे पडले की खूण गेली, माणूस हरवला. जे सापडले त्यांतले बरेच नकाशामुळे सापडले. खंदकांच्या नकाशांवर चौकोन आखलेले असत. मोठ्या चौकोनाला अक्षर, त्यातल्या लहान चौकोनाला आकडा, त्याच्या पावभागाला पुन्हा अक्षर, आणि शेवटी आडवे-उभे आकडे. आपल्याकडे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, पोटहिस्सा असतो तसाच प्रकार. युद्धानंतर शेतं धुंडाळून अवशेष गोळा करणाऱ्या पथकांनी प्रत्येक देह कुठे मिळाला ते ह्याच आकड्यांत लिहून ठेवलं. तोफ डागण्यासाठी आखलेल्या चौकोनांचा असा दुसरा उपयोग झाला. मेलेल्या माणसाला त्याचं नाव परत मिळवून द्यायला ते कामी आले.

मग प्रश्न आला जिवंत माणसांचा. १९१८ च्या नोव्हेंबरात तोफा थांबल्या आणि शेतकरी गावी परतले. गाव म्हणजे विटांचा ढीग. झाडं नाहीत, कुंपण नाही, हद्दीचे दगड नाहीत. शेतात खड्ड्याला खड्डा लागलेला आणि मातीत न फुटलेले गोळे. माझं शेत कुठलं, हे स्वतः मालकालाही सांगता येईना. फ्रान्सने ४ मार्च १९१९ रोजी ह्यासाठी खास कायदा केला. उद्ध्वस्त भागातल्या जमिनींच्या हद्दी नव्याने ठरवणं आणि विखुरलेले तुकडे एकत्र करणं हा त्याचा विषय. आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, त्याच्याशी ह्या कल्पनेचं नातं सहज लक्षात येईल.

हरवलेली हद्द शोधायची तर भूमापक तीन साक्षीदारांकडे जातो. पहिला साक्षीदार कागद. फ्रान्समध्ये गावच्या जमिनीच्या नकाशाची एक प्रत गावात आणि एक वरच्या कचेरीत ठेवण्याची पद्धत होती. गावची जळाली तर दुसरी कामाला येई. पण तीही जळली तर? दुसरा साक्षीदार जमीन. रस्त्याच्या कडेचा जुना पाया, विहिरीची बांधणी, चर्चचा चौथरा, ओढ्याचं वळण, ह्या गोष्टी तोफगोळ्यांनाही सहजासहजी पुसता येत नाहीत. तिसरा साक्षीदार माणूस. कुणाच्या शेतातून कुणाच्या शेताकडे पाऊलवाट होती, ते म्हातारीला आठवत असतं. आमच्याकडेही मोजणीच्या वेळी एखादे आजोबा काठी टेकत येतात आणि सांगतात, "फणसापासून व्हाळापर्यंत आमचा आसा." पुष्कळदा फणस कधीच पडलेला असतो, पण तो कुठे होता ते आजोबांना माहीत असतं. तिन्ही साक्षी जुळल्या तर हद्द पक्की. एकच साक्ष असेल तर सावध राहावं लागतं.

नोंद नसली की काय होतं त्याचं एक विलक्षण उदाहरण ईप्रजवळ मेसीनच्या टेकाडावर ऐकायला मिळतं. ७ जून १९१७ च्या पहाटे ब्रिटिशांनी जर्मन खंदकांखाली बोगदे खणून पेरलेले १९ प्रचंड सुरुंग एकदम उडवले. जमिनीखाली, अंधारात, दिशा न चुकता शत्रूच्या बरोबर खाली पोचायचं म्हणजे भूमापनाची कसोटीच. त्यातल्या एका स्फोटाने झालेल्या खड्ड्यात आज शांत तळं आहे. पण काही सुरुंग न उडवताच राहिले होते. युद्ध संपलं, शेतकरी आले, गहू पेरला, गुरं चारली. १९५५ च्या उन्हाळ्यात वादळ झालं, वीज पडली आणि जमिनीखाली राहिलेला एक सुरुंग अडतीस वर्षांनी फुटला. नशिबाने माणूस दगावला नाही, एक गाय मेली. त्या भागात आजही नांगराला तोफगोळे लागतात. शेतकरी ते उचलून बांधावर ठेवतो आणि लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. त्याला तिथे लोखंडाचं पीक म्हणतात.

काही ठिकाणी हद्दी परत आखल्याच गेल्या नाहीत. व्हर्दांच्या आसपासची नऊ गावं १९१६ च्या लढाईत पार नष्ट झाली. त्यांतली सहा पुन्हा वसलीच नाहीत. जमीन इतकी विषारी आणि धोक्याची झाली होती की सरकारने ती ताब्यात घेऊन जंगल लावलं. फ्लरी हे त्यातलं एक गाव. तिथे झाडीतून चालताना पायाखाली अजून खड्डे जाणवतात, आणि जागोजागी लहान पाट्या आहेत, इथे पाववाल्याचं दुकान होतं, इथे अमक्याचं घर होतं. एकही रहिवासी नसलेल्या ह्या गावांना आजही नेमलेला नगराध्यक्ष असतो. गाव नाही, पण गावाची हद्द कागदावर जिवंत ठेवली आहे. आमच्यापैकी एक सहकारी फार कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "ह्यांनी निदान पाट्या तरी लावल्यान."

आमच्या सहलीत इटली नव्हती, पण कोकणातल्या माणसाने एक जागा लक्षात ठेवावी. आपल्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली तिथल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, ते सूर्यघड्याळाच्या रूपात. सूर्यघड्याळ बसवायचं तर त्या जागेचा अक्षांश आणि खरी उत्तर दिशा काढावी लागते. म्हणजे कोकणातल्या एका जवानाची आठवण त्या मातीत भूमापनाच्या नियमाने रोवली गेली आहे.

आता हे सगळं घेऊन सिंधुदुर्गाकडे पाहू. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात आपल्या जिल्ह्यातले दोन आहेत, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. आनंद सर्वांनाच झाला. पण वारसा म्हटला की नकाशा आला, आणि नकाशा आला की रेषा आली. मुख्य वारसास्थळाची एक रेषा, त्याच्याभोवती संरक्षक पट्ट्याची दुसरी. शिवाय हे किल्ले केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. त्यासंबंधीच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट घातली.

कुरटे बेटाच्या भोवती १०० मीटर म्हणजे बहुतेक समुद्रच. पण विजयदुर्गाला किल्ल्याच्या दारापासूनच गाव सुरू होतं. तिथे ही रेषा कागदावर केसाएवढी असते, जमिनीवर मात्र कुणाच्या तरी पडवीतून जाते. पडवी रेषेच्या आत की बाहेर, ह्यावर घराची दुरुस्ती, मुलासाठी वाढवायची खोली, बँकेचं कर्ज अवलंबून राहतं. मग काही साधे प्रश्न येतात. १०० मीटर तटाच्या भिंतीपासून की संरक्षित म्हणून नोंदलेल्या जमिनीच्या हद्दीपासून? कायदा हद्दीपासून म्हणतो. मग ती हद्द जमिनीवर दाखवणारे दगड जागेवर आहेत का? आणि टेप उतारावर जमिनीला चिकटवून धरायची की आडवी, सपाट? भूमापनाचा नियम सपाट धरण्याचा. वीस अंशांच्या चढावर टेप जमिनीला लावून १०० मीटर मोजलं तर नकाशावरचं अंतर भरतं सुमारे ९४ मीटर. सहा मीटरचा फरक म्हणजे कोकणातल्या लहान घराची एक खोली.

म्हणून परदेशातून येताना मी तीन गोष्टी मनाशी धरल्या. वारसास्थळाची किंवा संरक्षित पट्ट्याची रेषा आखायची त्या दिवशी जागेवर गावकरी हजर असावेत. नोटीस फळ्यावर लावून भागू नये, घरोघर सांगावं. दुसरं, कागद, जमीन आणि माणूस ह्या तिन्ही साक्षी नोंदाव्यात. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत, किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवण्याच्या ठरलेल्या जागा आहेत. त्या वहिवाटी सगळ्याच सातबारावर चढलेल्या नसतात. जुनी माणसं आहेत तोवर त्यांचं म्हणणं नकाशासह लिहून घ्यावं. तिसरं, केलेल्या नकाशाची एक प्रत गावात राहावी, ग्रामपंचायतीत आणि शाळेतही. फ्रान्सच्या गावांना शंभर वर्षांपूर्वी दुसरी प्रत किती मोलाची असते ते कळलं. आपल्याकडे लढाई नको, एखादं वादळ, एखादी वाळवीसुद्धा पुरते.

शाळांनाही एक सुचवावंसं वाटतं. विजयदुर्गची किंवा सिंधुदुर्गची सहल नेता, तेव्हा मुलांच्या हातात एक टेप, एक होकायंत्र आणि कोरा कागद द्या. एका बुरुजापासून दुसऱ्या बुरुजापर्यंतचं अंतर त्यांना मोजू द्या, उत्तर दिशा काढू द्या, भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा कागदावर दाखवू द्या. लढाईची सनावळी विसरली जाते. स्वतःच्या हाताने मोजलेला तट मुलं विसरत नाहीत, आणि उद्या त्या तटाजवळून कुणी रेषा ओढायला आलं तर ती रेषा कुठून कुठे जाते हे विचारायला ती कचरणार नाहीत.